किमान चार रात्री

मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी २०२५. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. दुबार नोंदी : सतरा.

यादी मोबाइलवर आली तेव्हा आधार तायडे ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसले होते. अशा याद्या त्यांनी नगररचना खात्यातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत शेकड्यांनी तपासल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी पुन्हा तेच काम हाती आले याचा त्यांना मनातून आनंदच होता. नाशिकच्या एका सल्लागार कंपनीने हा अभ्यास घेतला होता. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे ही शहरे रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे सरकू लागली आहेत; तेव्हा या सगळ्या पट्ट्यात स्वतःच्या बळावर उभी असलेली गाभ्याची शहरे कोणती आणि त्यांच्या अंगावर वाढलेली उपनगरे कोणती, ते मोजून ठरवायचे. जळगाव-धुळे रस्त्यावर एरंडोल आणि पारोळ्याच्या मधे असलेल्या बोरदऱ्याची मोजणी आधाररावांकडे होती. नमुन्यादाखल निवडलेली दोनशे दहा घरे त्यांनी स्वतः फिरून नोंदवली होती. यादीतली पहिली अकरा नावे त्यांनी शांतपणे पाहिली. एकच माणूस दोन गावांच्या तक्त्यांत आला की तो दुबार. कुणी भाडेकरू, कुणी वसतिगृहातला विद्यार्थी. बाराव्या ओळीत होते : आकाश आधार तायडे, पत्नी समीक्षा, मुलगी एक. बोरदरे, घर क्रमांक १३८, आठवड्यातील मुक्काम चार रात्री. धुळे, देवपूर, आठवड्यातील मुक्काम सात रात्री.

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला. ओळ तशीच होती. कानशिलामागे कुणीतरी बोट ठेवल्यासारखे झाले आणि ते बोट तिथेच राहिले. सात उणे चार, तीन. त्यांचे मन सवयीने वजाबाकी करून मोकळे झाले. त्या तीनचे काय करायचे ते मात्र त्याला समजेना. आठवड्याच्या रात्री सात. मग एका माणसाच्या अकरा रात्री कुठून आल्या? कुणीतरी खोटे लिहिले होते. आणि घर क्रमांक १३८चा तक्ता कुणी भरला, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हते.

नियम क्रमांक सहा त्यांना तोंडपाठ होता : आठवड्यातून किमान चार रात्री जेथे मुक्काम, तेथील रहिवासी. प्रशिक्षणाच्या दिवशी हितेंद्रने तो वाचून दाखवला तेव्हा आधारराव मागच्या बाकावरून म्हणालेही होते, "नियम चांगला आहे. माणूस कुठे कमावतो यापेक्षा कुठे झोपतो ते बघा. गाव त्याचं तेच." हितेंद्र हा कंपनीचा तरुण अभियंता, तिशीतला. तो हसून म्हणाला होता, "नाना, तुमच्यासाठीच केलाय." त्या नियमावरच पुढचे सगळे गणित उभे होते. गावातल्या कमावत्या माणसांपैकी अर्ध्याहून अधिक माणसे रोज दुसऱ्या शहरात कामाला जात असतील, तर ते गाव उपनगर. जात नसतील, तर ते स्वतःचा गाभा. गाभा ठरले तर बोरदऱ्याचा विकास आराखडा बोरदऱ्यातच बसून होणार, बसस्थानक, दवाखाना, बाजार त्याच्या स्वतःच्या हिशोबाने. उपनगर ठरले तर त्याची रेषा कुठल्यातरी मोठ्या शहराच्या टेबलावर कुणीतरी ओढणार. आधाररावांनी जमवलेले आकडे असे होते : कमावती माणसे तीनशे सत्त्याऐंशी, त्यांतली बाहेर जाणारी एकशे चौऱ्याण्णव. पन्नास पूर्णांक तेरा शतांश टक्के. उपनगर. शनिवारी त्यांनी ही बेरीज तीनदा केली होती, आणि तिन्ही वेळा ती अर्ध्याच्या खाली येईल अशी आशा धरली होती. पण आकडा आला तो आला म्हणून त्यांनी तो पाठवून दिला होता.

आकडा आला तो आला. हे वाक्य त्यांनी हाताखालच्या किती पोरांना ऐकवले होते! ओट्यावरचे ऊन गुडघ्यापर्यंत चढले होते. रस्त्यावरून धुळ्याकडे जाणाऱ्या बसचा हॉर्न ऐकू आला. आकाश आणि समीक्षा हे दोघे एकशे चौऱ्याण्णवातले दोन होते. आकाश धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका तेलाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, समीक्षा तिथल्याच एका शाळेत. त्या दोघांना इथले रहिवासी धरले, तर ते रोज बाहेर जाणारे कमावते. धरले नाही, तर ते या तक्त्यात नाहीतच. एकशे ब्याण्णव भागिले तीनशे पंच्याऐंशी. त्यांनी भागाकार केला नाही. तो करायला कागद लागत नव्हता म्हणूनच त्यांनी तो केला नाही.

त्यांच्या डोळ्यांसमोर जानेवारीतली ती दुपार आली. स्वतःचे घर असले म्हणून रीत मोडायची नाही, हा त्यांचा हट्ट. ते पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले, परत आले आणि त्यांनी स्वतःच्याच दाराची कडी वाजवली. कलाबाई पिठाचे हात घेऊन आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्या पारोळ्याकडच्या, घरात नवऱ्याशी बोलताना चाळीस वर्षांत त्यांनी आपली बोली सोडली नव्हती.

"या घरात किती माणसं राहतात?" आधाररावांनी विचारले.

"तुमले माहीत नही का?"

"मला माहीत असून चालत नाही. विचारावं लागतं."

"मंग लिखा. पाच."

"आकाशचा मुक्काम आठवड्यातून किती रात्री?"

कलाबाईंनी हातावरचे पीठ बोटांनी खरवडून काढले. "राती मोजानं काम तुमनं शे, मन्हं नही," असे म्हणून त्या आत गेल्या. आधाररावांनी उभ्याउभ्याच त्या रकान्यात आकडा लिहिला. लिहिताना हात थांबला नव्हता. हे आता त्यांना सगळ्यात अधिक लागले. चौतीस वर्षांत त्यांनी एक पूर्णांकही वर-खाली केला नव्हता. कुणी पुढाऱ्याने ओट्यावर येऊन बसून सांगितले तरी केला नव्हता. आणि इथे, कुणी न सांगता, नियमाला पुरेल एवढाच, नेमका चार हा आकडा त्यांच्या हातून इतक्या सहज उतरला होता, जणू तो कुणीतरी आधीच फिकट पेन्सिलीने लिहून ठेवला होता आणि त्यांनी फक्त त्यावरून शाई फिरवली.

खरे तर आकाश गेला असे कधी झालेच नव्हते. गेला असता तर एक दिवस असता, सामानाचा टेम्पो असता, कलाबाई रडल्या असत्या. आधी पावसाळ्यात पारोळ्याच्या पुढे रस्त्याचे काम निघाले तेव्हा तो दोन रात्री मित्राकडे राहिला. मग समीक्षाच्या शाळेच्या परीक्षा आल्या. मग त्यांनी देवपुरात 'रूम' घेतली. हा शब्द घरातल्या सगळ्यांनी आपसूक उचलला होता, कारण रूम म्हणजे घर नव्हे. रूमवर गॅस आला, रूमवर फ्रीज आला, नातीचे, चिमीचे, नाव धुळ्याच्या शाळेत घातले, तरी ती रूमच राहिली. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आधाररावांनी २०१६ साली स्वतः आखून बांधल्या होत्या, सकाळचे ऊन पलंगाच्या पायथ्याशी यावे अशा बेताने. ऊन अजून येत होते. पलंगावरची चादर मात्र बरेच दिवस कागदासारखी सपाट होती, आणि ते रोज संध्याकाळी खिडक्या लावायला वर जाऊन ती पाहत होते. पाहत होते आणि नोंद करत नव्हते.

आतून परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला. एक. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा, आणि मग आवाज थांबला. पूर्वी या वेळी दहा-अकरा भाकऱ्यांचा आवाज येई. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकऱ्यांची चळत परातीत उभी राही आणि आकाश येता-जाता वरची उचले. कलाबाईंनी पीठ कधी कमी केले? दिवाळीत? दिवाळीच्या आधी? त्यांना आठवेना. या बाईला सगळे ठाऊक होते. तिने तोंडाने पाच सांगितले आणि परातीत दोघांचे पीठ घेतले. तिचा तक्ता केव्हाच दुरुस्त झाला होता.

मोबाइल वाजला. हितेंद्र होता.

"नाना, यादी बघितली?"

"बघितली."

"बाराव्या ओळीचं मला जरा... म्हणजे मुलगाच ना तुमचा?"

"मुलगाच."

"मग काही नाही. असं करू का? धुळ्याची नोंद काढून टाकतो. देवपुरात आमचा मुलगा टॅब घेऊन फिरला होता, घाईत काहीही टाकतात ती पोरं. तुमची नोंद आम्ही कोण चुकीची म्हणणार? तुमच्या तक्त्यांवर तर आम्ही शिकलो."

समोरच्या लिंबाखाली एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून डहाळी ओढत होती.

"नाना? चार वाजता फाइल बंद होते. बाकी सोळा नोंदी लावल्यात मी, तुमच्या आकड्याला त्यानं फरक पडत नाही. ही एकच राहिली. नाहीतर दुबार नोंदीचं कारण लिहावं लागतं, प्रगणकाची चूक की माहिती देणाऱ्याची चूक. तुम्हाला कशाला तो ताप?"

"मी कळवतो," आधारराव म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण आभार मानले नाहीत. आणि मानले असते तर ते कशाबद्दल असते, हा प्रश्न त्यांना ओट्यावरून उठू देईना.

उपनगर या शब्दाशी त्यांचे वैर फार जुने होते. पहूरच्या पलीकडच्या एका खेड्यात, गावापासून नाल्याच्या अलीकडे तेवीस घरांची त्यांची वस्ती. १९७६ साली जळगावच्या तंत्रनिकेतनात रेखाचित्रांच्या तासाला सरांनी वर्गात गावनकाशे वाटले आणि योगायोगाने त्यांच्या टेबलावर त्यांचेच गाव आले. एकोणीस वर्षांच्या आधारने आनंदाने आपले घर शोधायला सुरुवात केली. मंदिर सापडले, चावडी सापडली, विहीर सापडली, गावठाणाची गुलाबी रंगाने भरलेली हद्द सापडली. नाल्याच्या अलीकडे काही नव्हते. फक्त एक शब्द होता, 'पडीत'. शेजारचा मुलगा, लोटन नावाचा, म्हणाला, "तुझं घर कुठलं रे यातलं?" आधारने बोट उचलून गुलाबी रंगाच्या आत कुठेतरी ठेवले. खोटे बोट. त्या दिवशी त्याने ठरवले की रेषा ओढणाऱ्याच्या बाजूला जायचे. १९९६ साली बोरदऱ्याचा आराखडा त्यांच्या हाती आला तेव्हा त्यांनी चौक अशा ठिकाणी धरला की भिल्लवाडा, भीमनगर, पाटीलगल्ली आणि नवे प्लॉट यांच्यापासून त्याचे अंतर सारखे पडावे. वरच्या साहेबांनी विचारले, "इथेच का?" ते म्हणाले, "सर, मध्य इथेच येतो." दोन वर्षांनी त्यांनी जळगावची चाळ सोडून त्या मध्याजवळ घर बांधले. जगात निदान एक गाव असे असावे की ज्याच्या रेषेबाहेर कुणी नाही आणि जे स्वतः कुणाच्या रेषेबाहेरचे नाही, ही त्यांची जन्मभराची एकच इच्छा. ती पुरी व्हायला आता फक्त दोन माणसे वजा करायची होती.

आणि तेच त्यांच्याने होईना. खोटे राखले तर मुलगा कागदावर घरात राहतो आणि गाव जाते. खरे लिहिले तर गाव उभे राहते आणि घर जाते. ते दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा या वाक्यापर्यंत येत, आणि भिंतीला डोके लागल्यावर वळावे तसे वळत. पुढच्या रस्त्यावरून धूळ उडाली. रतिलाल मोटारसायकल थांबवून फाटकापाशी उभा होता. स्टँडवर त्याचे पाइप-नळांचे दुकान. नगरपंचायतीत एकदा निवडूनही आलेला.

"आधारभाऊ, काय म्हणतो आपला टक्का?"

"अजून ठरायचं आहे."

"ठरवा भाऊ, ठरवा. पारोळेवाले हसून राहिले आमच्यावर. म्हणे, बोरदरे म्हणजे धुळ्याचा ओटा. मी म्हटलं, ओटा तर ओटा, बसायला तिथंच येता ना." तो स्वतःच्या बोलण्यावर हसला, मग आवाज उतरवून म्हणाला, "आम्ही काही खोटं लिहा म्हणत नाही. तुम्ही लिहिणारही नाही, बठ्ठा गावाले माहीत शे. खरं आहे तेवढं लिहा."

"खरं आहे तेवढंच लिहीन," आधारराव म्हणाले आणि त्यांचा आवाज त्यांना परका वाटला. रतिलालने किक मारली. आकाश कसा आहे, असे त्याने विचारले नाही. फार दिवसांत कुणीच विचारले नव्हते, हे आता एकेक चेहरा आठवून त्यांच्या ध्यानात आले. शेजारचा कौतिक दूध घालताना एक लिटरवरून अर्ध्यावर आला होता आणि त्यानेही काही विचारले नव्हते. सगळ्या गावाने मोजणी पूर्ण केली होती. प्रगणक तेवढा मागे राहिला होता.

त्यांना वडील आठवले. नोकरी लागल्यावर आधार दर शनिवारी गावी जाईन म्हणाला होता. पहिले वर्ष गेलाही. नंतर महिन्याने, नंतर सणाला, नंतर भीमजयंतीला. पण शामराव तायड्यांनी मुलाचे नाव रेशनकार्डावरून कधी काढले नाही. तलाठ्याने दोनदा विचारले तेव्हा ते म्हणाले, "तो जळगावला कामाले जातो. राहतो इथंच." वडील वारल्यावर पत्र्याच्या पेटीत ते कार्ड सापडले, तेव्हा आधाररावांना म्हाताऱ्याच्या अडाणीपणाचे हसू आले होते. सोळा वर्षे कामाले गेलेला माणूस! वडिलांनी कार्डावर जे केले तेच त्यांनी तक्त्यावर केले होते. फरक एवढाच की वडिलांना नियम माहीत नव्हता.

जेवण झाल्यावर, एक वाजून दहा मिनिटांनी, आकाशच्या सुटीची वेळ धरून त्यांनी फोन लावला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो. तुझ्याकडे मोजणीवाला आला होता?"

"हो, आला होता ना. गेल्या महिन्यात. टॅब घेऊन. का?"

"मुक्काम किती रात्री सांगितलास?"

"सगळ्या सांगितल्या." मग किंचित थांबून, "शनिवारी येतोच की आम्ही तिकडे."

"गेल्या शनिवारी?"

"चिमीची चित्रकलेची स्पर्धा होती, बाबा."

"त्याच्या आधीच्या?"

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. "तुम्ही हजेरी घेताय का माझी?" आकाश हसत म्हणाला, पण हसणे अर्ध्यावर राहिले. "बाबा, तुम्ही किती लिहिल्या?"

"चार."

आधाररावांना वाटले, आता हा म्हणेल, राहू द्या ना चार. तो तसे म्हणाला असता तर त्यांनी राहू दिल्या असत्या. हे त्यांना स्वच्छ कळले आणि त्यांची त्यांनाच भीती वाटली.

"तुम्ही दोघं इकडे या ना," आकाश म्हणाला. "एक खोली तशी मोकळीच आहे. आईलाही करमेल. पांझरेचा पूल ओलांडला की दवाखाना आहे, सगळं आहे."

"देवपूर म्हणजे धुळ्याचं उपनगरच."

"असू द्या ना, बाबा. उपनगरात राहिलं तर काय बिघडतं? माणसं राहतातच की."

"आणि इथलं?"

"तिथलं..." आकाश म्हणाला. इतक्यात कुणीतरी त्याला हाक मारली. "बाबा, नमुने आलेत. संध्याकाळी करतो फोन. तुम्ही जे आहे ते लिहून टाका. त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. मुलगा रागावला नव्हता, लपवत नव्हता. त्याने गेल्या महिन्यात दारात आलेल्या परक्या पोराला जे सहज सांगितले, ते बापाला सांगायचे त्याच्या मनातही आले नव्हते, कारण बापाला ते ठाऊक आहे असे तो धरून चालला होता. आणि ठाऊक होतेच. ते उठून दारापर्यंत गेले, बाहेर जावे म्हणून. पण बाहेर म्हणजे चौक, चौकात रतिलाल, आणि चौकही त्यांनीच आखलेला. चारी बाजूंना सारखे अंतर. कुठूनही निघाले तरी ते तिथेच येणार होते. ते परत फिरले.

तीन वाजता त्यांनी टेबल ओढले, लॅपटॉप उघडला आणि दुरुस्तीचे पान काढले. कलाबाई सुपात तूर निवडत भिंतीला टेकून बसल्या होत्या. पडद्यावर दोनच पर्याय होते आणि त्यांतला एक निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हते.

"काय इचारस ते?" कलाबाईंनी विचारले.

"चूक कुणाची ते. लिहिणाऱ्याची की सांगणाऱ्याची."

कलाबाईंनी सूप मांडीवरून खाली ठेवले. "मन्हं नाव लिखी द्या. पाच मीच सांगं व्हतं."

"तू रात्री सांगितल्या नव्हत्यास."

"नही सांग्यात. पन मी जर दोनच मानसं सांगं असतं, तं तुमले चार लिखानं काम पडतं का?" त्या तुरीकडे बघत म्हणाल्या. "बाई मानूस शे, चुकनी, असं म्हनतीन. तुमले कोनी काही बोलाव नही."

आधारराव तिच्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षांत तिने त्यांच्या कागदात कधी डोकावले नव्हते आणि आज ती त्या कागदावर त्यांच्या जागी उभी राहायला निघाली होती. क्षणभर त्यांना तो पर्याय अगदी शक्य वाटला. बोट तिकडे गेलेही. मग त्यांना स्वतःचे ते जुने, गुलाबी रंगावर ठेवलेले बोट दिसले, आणि त्यांनी पहिला पर्याय दाबला. प्रगणकाची चूक. खाली खुलाशासाठी एक ओळ होती. ती त्यांनी सावकाश, एकेक अक्षर शोधत भरली : 'प्रगणकास वस्तुस्थिती ज्ञात होती.'

मुक्कामाच्या रकान्यात चारच्या जागी शून्य. आकाशसमोर एक, समीक्षासमोर एक, नातीसमोर एक. प्रत्येक शून्यानंतर पडद्यावरची ओळ करडी होत गेली आणि तिसऱ्यानंतर तिन्ही ओळी आपोआप खाली सरकून दिसेनाशा झाल्या. कमावती माणसे तीनशे पंच्याऐंशी, बाहेर जाणारी एकशे ब्याण्णव, एकोणपन्नास पूर्णांक सत्त्याऐंशी शतांश टक्के. वर्गवारी : गाभा. हितेंद्रचा लगेच संदेश आला, 'नाना, अभिनंदन, तुमचं गाव शहर झालं.' त्यांनी तो कलाबाईंना वाचून दाखवला नाही. त्या पुन्हा तूर निवडू लागल्या होत्या; खडे एका बाजूला पडत होते आणि त्यांचा बारीक आवाज खोलीतून वरच्या मजल्यापर्यंत जात होता.

पान बंद करण्याआधी अजून एक रकाना भरायचा राहिला होता. तीन वाजून बावन्न मिनिटांनी त्यांनी तो भरला.

घर क्रमांक १३८. राहणारी माणसे : दोन.